फडातल्या माणसाला कसलं डिप्रेशन

परिपाठ संपला होता. प्रार्थना झाली, सुविचार झाला, पोरं वर्गाकडं निघायच्या बेतात होती. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "थांबा. सगळे जागेवर."

आमच्या संस्थेचे अध्यक्ष महिन्यातून एखाद्या वेळेस शाळेत यायचे. गाडी थेट झेंड्याच्या कट्ट्यापाशी लागायची. त्या दिवशी ते कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी शिक्षकांच्या रांगेत शेवटी उभी होते. उशिरा आलेली.

"त्या गणिताच्या बाई. पुढं या."

मी गेले.

"बाई, घरी आरसा आहे का?"

पोरं हसली. आठवी-नववीची, मीच शिकवलेली. माझे केस विंचरलेले नव्हते. धुतलेले तर कधीचे नव्हते. साडी कालचीच होती. हे मला माहीत होतं. माहीत असून काही करता आलं नव्हतं.

अध्यक्षांनी मुख्याध्यापिका बाईंकडं पाहिलं. "तुमच्या पर्समध्ये कंगवा असेल. द्या ह्यांना."

बाईंनी कंगवा काढून दिला.

"इथंच विंचरा. पोरांना कळू द्या स्वच्छता म्हणजे काय असती."

मी विंचरले. सगळ्या शाळेसमोर. वेणी सोडली. गुंता निघेना. हात वर धरवत नव्हता, मधेच खाली यायचा. मी तो परत उचलायची.

"बघा, हात पण जड झालाय," अध्यक्ष म्हणाले. "आळस. दुसरं काही नाही. मुळातच असतो काही लोकांत."

मी कंगवा परत केला. बाईंनी तो पर्समध्ये ठेवला नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला आणि शिपायाकडं दिला.

आता जे सांगायचंय ते हे. मला राग आला नाही. लाजही वाटली नाही. मी वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून उभी राहिले आणि मनात म्हणाले, बरोबर बोलायलेत. मी आहेच तशी.

माझे आई-बाप ऊस तोडतात. गाव गंगाखेड तालुक्यातलं. दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलपं लावून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मीही लहानपणी जायचे. उसाच्या पाचटाची कोप, झोपडीच ती, तिच्यात आम्ही तिघं. नंतर वसतिगृहात राहून शिकले. परभणीला बी.एड. केलं. आमच्या भावकीत एवढी शिकलेली मी पहिलीच. शाळा गावापासून लांब पडायची म्हणून गंगाखेडला खोली करून राहायचे, एसटीनं जाऊन-येऊन करायचे.

दिवाळीनंतर हे सुरू झालं. कशानं झालं, सांगता येत नाही. कुणी मेलं नव्हतं. कुणी सोडून गेलं नव्हतं. लोक हेच विचारायचे, "असं झालं तरी काय?" आणि मला उत्तर सापडायचं नाही. उत्तर नाही म्हणजे आजार पण नाही, असंच मी धरून चालले.

आधी झोप गेली. लागायची, पण कोंबडं आरवायच्या आधीच मोडायची. मग छताकडं बघत पडायचं. उजाडायची भीती वाटायची. दिवस वर येईल, मग उठावं लागेल, तोंड धुवावं लागेल. एवढंच. पण तेवढंच डोंगराएवढं वाटायचं.

मग चव गेली. भाकरी तोंडात फिरत राहायची. मला ठेचा लय आवडायचा. तो पण नुसता तिखट लागायचा, ठेच्यासारखा लागायचा नाही. अंगावरचे कपडे ढिले झाले. पाणी भरून ठेवलेली बादली बघत मी न्हाणीत बसून राहायचे आणि तशीच उठून यायचे. दोन साड्यांतली कोणती नेसावी हे ठरेना म्हणून एकदा शाळेला जायची एसटी चुकली.

वर्गात नववीच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, हे उणे कुठून आलं?" मी फळ्याकडं बघितलं. वीस वेळा शिकवलेलं गणित. मला सांगता येईना. पोरगी वाट बघत होती. मी म्हणाले, "उद्या सांगते." उद्याही सांगता आलं नाही.

सुरुवातीला एसटीत रडू यायचं. खिडकीकडं तोंड करून रडायची. पुढं रडू पण थांबलं. रडू येत होतं तवा बरं होतं, असं म्हणायची पाळी आली.

मरावं असं ठरवून कधी वाटलं नाही. पण आपण नसलो तर कुणाचं काही अडणार नाही, हे रोज वाटायचं. अगदी शांतपणे वाटायचं. बाजारातून मीठ आणायचंय असं वाटावं तसं.

घरमालकीण म्हणाली, "लगीन करा, समदं नीट व्हईल." शाळेतले एक सर म्हणाले, "चांगले विचार करा मॅडम. मन खंबीर पाहिजे." गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. सलाईन संपेस्तोवर मी थेंबांकडं बघत होते. उठले तेव्हा तशीच होते.

कंगव्याच्या त्या दिवसानंतर मी शाळेत गेलेच नाही. खोलीत पडून राहिले. फोन बंद पडला, तो चार्जिंगला लावला नाही. एका दुपारी दार वाजलं. आमच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या शबानाबाई होत्या. स्टाफरूममध्ये आम्ही शेजारी बसायचो, पण तशी दोस्ती नव्हती.

त्या आत आल्या. खोलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. गॅसवर चहा टाकला.

"कवापासून डबा खाईना झालात तुमी?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही."

"मी बघायलते. तुमी डबा उघडायचात आन् तसाच लावायचात. मला वाटलं इचारावं. मग वाटलं, कसं इचारावं. त्या दिवशी तुमी केस इंचरायलतात तवा मला कळलं. माझ्या फुप्पीचं, आत्याचं ओ, असंच झालतं. तिला बी हात उचलवत नव्हता."

"मग?"

"मग काय. दर्ग्याला नेलं, गंडा बांधला, लय बेजार केलं तिला. शेवटी परभणीच्या दवाखान्यात नेलं. उद्या चला माझ्यासंगं."

मी म्हणाले, "मला काही झालं नाही. मी आळशी आहे."

शबानाबाईंनी कप खाली ठेवला. "आळशी माणूस असा दिसत न्हाई मॅडम," त्या म्हणाल्या. "आळशी माणूस जाडजूड अस्तो."

मला हसू आलं नाही. पण हे हसण्यासारखं आहे, एवढं कळलं.

परभणीला सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या खोलीबाहेर बाकडी होती. बाया पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसलेल्या. गड्यांनी उपरण्यानं तोंडं बांधलेली. जणू चोरी करून आलेत. मीही ओढणीनं तोंड झाकलं.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी झोपेचं विचारलं. जेवणाचं विचारलं. कशात मन लागतं का विचारलं. स्वतःबद्दल काय वाटतं विचारलं. मग कागद बाजूला सारून सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी शबानाबाईंकडं बघितलं. त्या उठून बाहेर गेल्या. मग मी सांगितलं. डॉक्टरबाईंना धक्का बसला नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते चांगलं केलं. असं वाटणं हा आजाराचाच भाग आहे. जास्त वाटलं तर एकटं राहायचं नाही. त्याच वेळी कुणाला तरी सांगायचं आणि इथं यायचं, अपॉइंटमेंट लागत नाही."

"मला लोक आळशी म्हणतात," मी म्हणाले.

"आळसात माणसाला सुख असतं. तुम्हाला पडून राहण्यात सुख वाटतं का?"

"नाही."

"मग तो आळस नाही. ह्याला डिप्रेशन म्हणतात. आपल्याकडं नैराश्य. दोन आठवड्यांच्या वर माणूस असं रोज राहिलं, कामाधामातून उठलं, तर तो आजार असतो. आधी रक्त तपासू. थायरॉइडनं, रक्त कमी असल्यानंही असं होतं."

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालंय?"

"नाही."

"कुणी गप्प बसून राहायचं? कामाला उठायचं नाही?"

माझा बा. सकाळी सगळी टोळी फडात उतरायची आणि बा कोपीच्या तोंडाशी उकिडवा बसलेला असायचा. जमिनीकडं बघत. माय हाका मारून दमायची. मग मुकादम यायचा. टोळी त्यानं जमवलेली, कारखान्याला माणसं तोच पुरवायचा, त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. तो बाच्या समोर उभा राहायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "पाव्हण्याला चहा द्या गं कुणीतरी. पाव्हणं दमलंय."

टोळी हसायची. तेच नाव पडलं. पाव्हणा. लहान लेकरंही म्हणायची. मी कुणाची, तर पाव्हण्याची. बा वर बघायचा नाही. माय त्याच्या वाटणीचा ऊस तोडायची आणि मी तिच्यामागं मोळ्या बांधायचे. कधी महिना-दोन महिने बा नीट असायचा. तेव्हा दोन माणसांचं काम एकटा ओढायचा. मग परत तसाच. तेव्हा लोक म्हणायचे, बघा, येतंय की करता. म्हणजे सोंगच हाय.

माय एकदा मला म्हणाली होती, "मह्या लग्नात हा असा नव्हता. लय बोलका व्हता. भजनात पेटी वाजवायचा. कुणाची दिष्ट लागली की काय."

हे सगळं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या लिहीत होत्या, लिहायच्या थांबल्या.

"त्यांना कधी दाखवलं?"

"कुणाला दाखवणार? तो आळशी होता ना."

त्यांनी समजावून सांगितलं. ह्याचं एकच कारण नसतं. काही घराण्यातून येतं, साखरेच्या दुखण्यासारखं, दम्यासारखं. मेंदूत काही रसायनं असतात, त्यांचा तोल जातो. वरून जगणं असतं. उपासमार, एकटेपणा, अंगाबाहेरचं काम. आणि सतत होणारा अपमान. "तो पण आत जाऊन बसतो," त्या म्हणाल्या. "माणूस पुढं स्वतःच स्वतःचा अपमान करायला लागतो. बाहेरच्याची गरजच पडत नाही."

ही ओळ मी घरी जाईपर्यंत एसटीत मनात घोळवत होते. अध्यक्ष बोलले ते मी स्वतःला आधीच बोलून बसले होते. मुकादम बोलायचा ते बा स्वतःला बोलत असेल. जमिनीकडं बघत.

गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही झालं नाही. तोंड कोरडं पडायचं, पोटात ढवळायचं. मला वाटलं, आपल्याला गोळी पण लागू पडत नाही. शबानाबाई रोज संध्याकाळी फोन करायच्या, "घेतली का?" एवढंच विचारायच्या. मग एका सकाळी मी तांब्याभर पाणी अंगावर ओतलं आणि ते गार लागलं. लय गार. मी ओरडलेच. इतके दिवस पाणी गार होतं की गरम, मला कळतच नव्हतं.

राग त्याच्याही नंतर आला. स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते. एकदम तो कागदात गुंडाळलेला कंगवा डोळ्यांसमोर आला. कानशिलं तापली. मी स्टँडच्या खांबाला धरलं. बाजूच्या बाईनं विचारलं, "चक्कर येतीय का?" मी म्हणाले, "नाही. बरं वाटायलंय."

शाळेत परत गेले तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "टायफॉइड झाला होता म्हणा. हे दुसरं बोलू नका. पालक काय म्हणतील, वेडी बाई गणित शिकवती."

मी म्हणाले, "मला टायफॉइड नव्हता."

अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. शबानाबाई बाहेर उभ्या होत्या. मी दवाखान्याचं नाव सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं. ते ऐकून अध्यक्ष हसले. चिडले असते तर मला चाललं असतं.

एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. दोनेक वर्षांपूर्वी ह्याच अध्यक्षांच्या धाकट्या मुलाला हाच आजार झाला होता. त्याला पुण्याला नेलं. पुष्कळ दिवस तिकडं ठेवलं. स्टाफची मीटिंग घेऊन आम्हाला सांगितलं होतं की छोटे साहेब डिप्रेशनमध्ये आहेत, कुणी काही विचारू नका, आवाज चढवू नका, ते आले तर नमस्कार करा आणि बाजूला व्हा. आम्ही तसं केलं. त्या पोराचं दुखणं खोटं नव्हतं. मी त्याचे डोळे बघितले होते. आता आरशात बघते तेव्हा ते आठवतात.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, डिप्रेशन म्हणजे काय माहितीय का तुम्हाला? डोक्यानं काम करणाऱ्या माणसाला होतं ते. जबाबदारी असती, टेन्शन असतं. तुम्ही उसाच्या फडातली माणसं. फडातल्या माणसाला कसलं डिप्रेशन? उद्या परिपाठाला पोरांसमोर माफी मागा. आळस केला म्हणा. विषय संपला."

मी विचारलं, "सर, पाणी आहे का प्यायला?"

माझा घसा कोरडा पडला होता, गोळीनं पडायचा तसा. त्यांनी बेल वाजवली नाही. मी उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी माइक माझ्या हातात दिला. पोरं ओळीत बसलेली. अध्यक्ष खुर्चीत. मला शूर वाटत नव्हतं. पळून जावंसं वाटत होतं.

मी म्हणाले, "मी आजारी होते. माझ्या आजाराचं नाव डिप्रेशन. त्यात झोप जाते, भूक जाते, हात उचलत नाही. तो कुणालाही होतो. मला झाला. माझ्या वडलांना झाला, तर लोक हसले. तुमच्या घरात कुणी असं गप्प बसलेलं असेल, तर त्याला हसू नका. दवाखान्यात न्या. मी माफी मागणार नाही. मी काही केलेलं नाही."

छोट्या साहेबांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. घेतलं असतं तर अध्यक्षांना वर बघता आलं नसतं. घेतलं नाही. त्या पोराच्या आजाराची काठी करून मला कुणाला मारायचं नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माइक बंद झाला. दुपारपर्यंत माझे तास दुसऱ्या सरांना दिले. मला ग्रंथालयात बसायला सांगितलं. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक खुर्ची. नववीची ती पोरगी तेवढी दुपारी दारात आली. म्हणाली, "मॅडम, माझी माय लय रडती ओ. तिला पण नेता येतं का?" मी दवाखान्याचा वार सांगितला.

मग मी फडावर गेले. माय-बा तेव्हा कर्नाटकाच्या शिवेजवळच्या एका कारखान्याला होते. एसटी बदलत बदलत पोचले. बा कोपीच्या तोंडाशी होता. तसाच. फक्त केस पांढरे.

मी शेजारी बसले.

"बा, तोंडाला चव लागती का?"

त्यानं लय वेळानं मान हलवली. नाही.

"झोप?"

"न्हाई."

"नकोसं वाटतं का समदं?"

बानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

"मला पण व्हतं तसंच."

तो परत जमिनीकडं बघायला लागला. माय मागं कोयता धरून उभी होती. ती खाली बसली. "मी इतकी वर्सं संगं ऱ्हायले," ती म्हणाली, "पर असं कामून इचारलं न्हाई मी ह्यांला."

मी बाला घेऊन जाते म्हणाले. मुकादम म्हणाला, आगाऊ उचल घेतलीय, हंगाम संपल्याबिगर कुणी हलणार नाही. मी भांडले. लय भांडले. टोळी बघत राहिली. बा म्हणाला, "जाय तू बाई. आता काय उपेग." मी एकटी परत आले. येताना एसटीत मला ते जुनं शांत वाटणं पुन्हा वाटलं. मीठ आणायचंय तसं. मी शबानाबाईंना फोन लावला आणि गंगाखेड येईपर्यंत बोलत राहिले.

हंगाम संपला तेव्हा माय-बा गावी आले. बाला परभणीला नेलं. डॉक्टरबाई त्याच्याशी बोलल्या. गोळ्या सुरू आहेत. इतक्या वर्षांचं दुखणं, वेळ लागेल म्हणाल्या. किती, ते सांगितलं नाही. बा अजून बोलत नाही. अंगणात बसतो. मला पण काही सकाळी उठवत नाही. शाळा पुढच्या वर्षी मला ठेवील असं दिसत नाही. मी दुसरीकडं अर्ज टाकलेत. कुठून काही आलेलं नाही.

दसरा जवळ येतोय. मुकादम गावात फिरायलाय, टोळी जमवायलाय. आमच्या दारात तो येणार. तेव्हा दारात मी उभी राहणार आहे. त्याला सांगणार आहे, माझा बाप आजारी आहे, तो येणार नाही. यंदा नाही, पुढंही नाही. माय पण येणार नाही. बाला हसणाऱ्या माणसांत मी त्याला परत पाठवणार नाही.

मग खायचं काय, ते मला अजून माहीत नाही. पण ते जाणार नाहीत.